मिस्त्रीमामा, आधी मॅट उचलायला लावलीत त्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीमामा,

स. न. वि. वि.

गंजलेली पद्मिनी गाडी दारात उभी करून ‘घरीच दुरुस्त करू का?’ असं विचारत येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एकच सांगता, पुढची मॅट उचल, मग बोलू. खर्चाचा आकडा विचारला की नुसती मान हलवता. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल, पण फ्लोअर बघितल्याशिवाय आकडा नाही. आम्ही जुन्या गाड्यांचीच कामं करणारी माणसं, तरी तपासणीचा हा क्रम तुमच्याकडून घेतलेला आहे. आभार चारचौघांत मानतोय, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले खूपजण आहेत आणि तुमच्यापर्यंत सगळ्यांना पोचता येत नाही.

तुमच्या हट्टामागचं कारण गाडीच्या बांधणीतच आहे. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० डी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून काढली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव लागलं. जीपसारखी हिला वेगळी चासी नाही. जीपच्या बॉडीची चाळण झाली तरी खाली शिडीसारखी चासी शाबूत असते, बॉडी उचलून दुसरी ठेवता येते. पद्मिनीत सगळा भार पत्राच वाहतो. दरवाज्यांखालच्या सिलच्या पोकळ पेट्या, मधला फ्लोअर, दरवाज्यांचे पिलर आणि मागच्या कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) हँगर बसतात त्या जागा, एवढ्यांवर नऊशे किलोच्या आसपासची गाडी तोललेली असते. बॉनेटला मुठीएवढं भोक पडलं तर गाडी वाईट दिसते, एवढंच. सिलला आतून बोटभर भोक पडलं तर कणा गेला. नवखा माणूस नेमकं उलटं बघतो. मडगार्डचे पोपडे बघून घाबरतो आणि चकचकीत सिलवर विश्वास ठेवतो.

तुमचं तपासणीचं सामान एका पिशवीत मावतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुना चपटा स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी, पांढरा खडू आणि बॅटरी. चुंबक सिलवरून, दरवाज्याच्या खालच्या चार बोटांवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून सावकाश फिरवायचं. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग हातोडीने हलकं वाजवत जायचं. शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला थपथप बोलतो. शंकेच्या जागी स्क्रूड्रायव्हर टेकवून अंगठ्याच्या जोराने दाबायचा, ठोकायचा नाही. पत्रा मुळातच एक मिलिमीटरच्या आसपास, त्यातला निम्मा गंजाने खाल्ला की टोक सरळ आत जातं. वरवरच्या गंजाला खडूने गोल, भोकाला फुली, आणि भार वाहणाऱ्या जागी भोक असेल तर दुहेरी फुली. हे सगळं मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं, कारण खडू पुसला जातो आणि माणूस आपल्या सोयीने विसरतो.

मागची गादी काढून तुम्ही दाखवता ती जागा तर प्रत्येक घेणाऱ्याने बघितलीच पाहिजे. गादीखालच्या कोपऱ्यात, कमानपाट्याचं पुढचं टोक खालून येऊन बसतं तिथे, दोन-तीन पत्रे एकावर एक स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. त्यांच्या फटीत पाणी शिरलं की निघत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून दोन वेल्डच्या मधला पत्रा उशीसारखा फुगतो. वरून रंग अजून धरलेला असतो. नखाने टोकरलं की खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात, हातात तपकिरी भुगा येतो, आणि शेवटी उरते ती वेल्डची गोल टिकली. अशी टिकली दिसली की दुहेरी फुली मारायची, वाद नाही.

गंज कुठून आला हे कळल्याशिवाय पत्रा बदलण्यात अर्थ नसतो, हेही तुमचंच. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून उतरून पायाखालच्या जाड पॅडमध्ये मुरतं. मॅट वरून कोरडी, खालचं पॅड ओलं. दरवाज्याच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलाने नाहीतर मागच्या रंगाऱ्याच्या लांबीने बुजतात आणि दरवाजा आतून सडतो. मुंबईत आणि कोकणात राहिलेल्या गाडीला खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस वर असतोच. म्हणून देशावरची, शेडमध्ये उभी राहून उन्हाने रंग उडालेली गाडी परवडली. रंग नवा आणि गाडी किनाऱ्याकडची असेल तर चुंबक दोनदा फिरवावं.

मग जॅकची परीक्षा. दरवाज्याच्या फटी ड्रिलच्या बिटने मोजायच्या ही युक्ती आम्हाला आवडली. चार मिलिमीटरचं बिट फटीत वर, मध्ये, खाली कसं जातं ते सपाट जमिनीवर लिहून ठेवायचं. मग पुढच्या चाकामागे, सिलच्या जॅक लावायच्या जागी, चाक जेमतेम सुटेपर्यंत उचलायचं आणि तीच फट पुन्हा मोजायची. दरवाजा आधीसारखाच उघडला-मिटला तर सिलमध्ये जीव आहे. वरची फट मिटली, दरवाजा अडकला, किंवा उचलताना करकर असा आवाज आला तर तिथेच थांबून जॅक उतरवायचा. या परीक्षेत गाडीखाली कुणी डोकं घालायचं नाही.

आता निर्णय. साध्या फुल्या कितीही असोत, त्या वेळखाऊ असतात, अवघड नसतात. दुहेरी फुल्या एका बाजूला, एक-दोन जागी असतील तर शिकून करता येतं. दोन्ही सिल, हँगरच्या जागा आणि दरवाज्याच्या बिजागऱ्यांचे पिलर असं सगळं एकदम गेलेलं असेल तर तो शेल, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, घरी करू नये. तेव्हा चांगल्या पत्र्याची दुसरी गाडी शोधावी आणि पहिलीची काच, मीटर, इंजिन तिच्यात घालावं. इंजिन बंद आहे म्हणून लोक गाडी सोडतात आणि चालू इंजिनाच्या नादाने सडका शेल विकत घेतात. १०८९ सीसीचं ते साधं इंजिन आहे, हेड काढायला एक दुपार पुरते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरलं तर इंजिनाचे सुटे भाग अजून सापडतात. सिल मात्र तयार क्वचितच मिळते, ती वाकवून घ्यावी लागते.

कागद मॅटच्याही आधी बघावेत असं आमचं मत आहे, तुम्ही त्याला दुसरा नंबर देता. आरसीवरचा चासी नंबर बॉडीवर ठोकलेल्या नंबराशी जुळला पाहिजे, आणि नंबर ठोकलेला पत्रा कधीही कापायचा किंवा ग्राइंडरने घासायचा नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, आणि बॉडी शेल, चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून सिल बदलताना मूळ आकार जसाच्या तसा ठेवायचा आणि कापण्याआधीचे, कापल्यावरचे, जोडल्यावरचे फोटो तारखेसह जपायचे.

स्वतः करायचं ठरलं तरी सगळं स्वतः करायचं नाही, ही तुमची वाटणी आम्हाला पटली. गाडी खोलणं, प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावणं, गंज घासणं, ब्रेक, वायरिंग हे मालकाचं. भार वाहणारा पत्रा कापणं-जोडणं हे ज्याचा हात बसलाय त्याचं. मजुरीचे सगळ्यात जास्त तास खोलण्यात आणि घासण्यात जातात, ते घरी झाले की बिल बरंच उतरतं. बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट अशा लहान वस्तूंना मळीचं (मोलॅसिसचं) पाणी उत्तम. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकणाचा प्लॅस्टिक डबा, एक ते तीन आठवडे. वास येतो, डबा परसात ठेवावा. कार्ब्युरेटर किंवा ॲल्युमिनियमचं काही त्यात बुडवू नये, ते खाल्लं जातं. आणि कोल्हापूरकरांनो, त्यासाठी काकवी वाया घालवू नका.

कापण्याआधी आधार हा नियम तुम्ही आवाज चढवून सांगता, आणि तो चढायलाच हवा. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) अशी ठेवायची की वजन चाकांच्या जागीच येईल, मधे लोंबकळणार नाही. दोन्ही दरवाज्यांच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाईप आडवा आणि तिरका, वेल्डचे छोटे टाके मारून बसवायचा. चौकटीचे दोन्ही कर्ण दोन्ही बाजूंना मोजून आतल्या पत्र्यावरच लिहायचे. मग एकच सिल कापायची, ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. दोन्ही एकदम कापल्या की गाडी मधून बसते, नवा पत्रा त्याच बसलेल्या मापात जोडला जातो आणि पुढे दरवाजे कधीच नीट मिटत नाहीत. टाके मारल्यावर पक्कं जोडण्याआधी दरवाजा एकदा टांगून बघायचा. कंटाळा याच टप्प्यावर येतो आणि दरवाजे बिघडतात तेही याच टप्प्यावर.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) शीट घ्यावा. बाहेरच्या बाजूला २० गेज, फ्लोअरला आणि आतल्या सिलला १८. जीआयचा (जस्त चढवलेला) पत्रा गंजत नाही म्हणून कुणी आणतो, पण वेल्ड करताना त्याचं जस्त जळतं, वेल्डला बारीक छिद्रं पडतात आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला ८ मिलिमीटरची भोकं ३० ते ४० मिलिमीटरच्या अंतराने पाडून ती वेल्डने भरायची. सलग शिवण ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा, नाहीतर पत्रा वेडावाकडा होतो. पेट्रोलची टाकी आधी गाडीबाहेर, बॅटरीच्या दोन्ही वायरी सुट्या, जवळ ओलं गोणपाट आणि अग्निशामक. डांबर आणि पॅड आतल्या आत धुमसतात, म्हणून शेवटच्या टाक्यानंतर अर्धा तास गाडीजवळून हलायचं नाही.

एका गोष्टीत आमचं तुमचं जमत नाही. तुम्ही गॅस वेल्डिंगवाले. तुमच्या हातची शिवण मऊ राहते, हातोडीने आणि मागे धरलेल्या डॉलीच्या ठोकळ्याने सपाट होते, मिगची (तारेच्या विजेच्या वेल्डिंगची) कडक बसते, हे मान्य. पण नवख्याच्या हातात गॅसची ज्योत वीतभर पत्रा तापवते आणि दरवाज्याचा पापड करते. घरी शिकणाऱ्याने ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार लावून मिगच धरावं आणि आधी भंगारातल्या मडगार्डवर हात बसवावा. पितळेने भोकं बुजवू नयेत यावर मात्र दोघांचं एकमत आहे. भार वाहणाऱ्या जागी पितळ धरत नाही, आणि नंतर कुणी तिथे वेल्ड करायला गेला तर ते पितळ त्याला वेल्ड करूच देत नाही.

खालून डांबर मारून गंज झाकणाऱ्यांबद्दल तुम्ही जे शब्द वापरता ते इथे लिहिता येणार नाहीत. गंजावर डांबर मारलं की आतला ओलावा कोंडतो आणि पत्रा झाकल्या जागी सडत राहतो. आधी उघड्या स्वच्छ पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीलर, मग बाहेरून अंडरकोट, आणि सिलच्या पोकळीत शेवटी मेणाचा फवारा. लांबी एपॉक्सीच्या वर, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. ती पाणी शोषते, म्हणून लांबी लावून गाडी महिनोन्महिने नुसती उभी ठेवली तर खालून फोड येतात. सगळं झाल्यावर पाणी निघायची भोकं तारेने पुन्हा मोकळी करायची, मेणाने तीही बुजलेली असतात.

सध्या पाऊस आहे. घासलेल्या पत्र्यावर दुपारपर्यंत केशरी झाक येते, त्यामुळे या हवेत उघडा पत्रा ठेवत नाही. तोवर खोलणं, मोजणं आणि मळीचे डबे चालू आहेत. शेल दसऱ्यानंतर टेम्पोत घालून तुमच्याकडे आणतो. पाईप आमच्याकडून लावलेले असतील, कर्णांची मापं डाव्या पिलरच्या आतल्या बाजूला खडूने आणि मार्करने, दोन्हींनी लिहिलेली आहेत. पुढच्या मॅट काढलेल्या आहेत.

आपले नम्र,
पद्मिनीवाले