ऑफिसात बॉम्बची धमकी आली त्याबद्दल

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू म्हणालास की असले मेल सगळे फेकच असतात, ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, त्यात आता तुझ्याकडेही अ‍ॅडमिन आलंय.

आमचं ऑफिस फोर्टात, शेअर बाजाराच्या बिल्डिंगजवळच. 12 मार्च 1993 ला दुपारी दीडच्या सुमारास पहिला स्फोट तिथेच झाला, त्या दिवशी मुंबईत 257 माणसं गेली. आमच्या अकाउंट्समधले काका तेव्हा याच भागात नोकरीला होते, त्यांना विचार फेक म्हणजे काय.

मेल आला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने तो डिलीट केला नाही की ग्रुपवर फिरवला नाही, सरळ सिक्युरिटीला दाखवला आणि त्यांनी 112 लावला. मेल जसाच्या तसा ठेवायचा रे, पोलीस त्यावरूनच माग काढतात. आणि फोन आला तर कट करायचा नाही, समोरच्याला बोलतं ठेवायचं, कुठे ठेवलाय, कधी फुटणार विचारायचं, त्याचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्यायचे, मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येतायत की स्टेशनची अनाउन्समेंट तेही.

लिफ्ट बंद करून सगळे जिन्याने उतरलो, हाताशी असलेली बॅग घेऊनच, कारण आगीत सामान सोडून पळायचं असतं पण इथे मागे राहिलेली प्रत्येक बॅग पथकाला तपासत बसावी लागते. उभं राहायचं ते लांब, काचांच्या खाली नाही आणि पार्किंगमध्ये तर नाहीच.

आता खरं सांगायचंय ते. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींना निघताना पँट्रीत वॉटर फिल्टरच्या मागे एक खाकी रेक्झिनची पिशवी दिसली, त्यांनी हात लावला नाही, तिथून फोनही केला नाही, खाली येऊन सांगितलं, "ही आपल्याकडची नाही, सकाळी पोछा मारला तेव्हा नव्हती." कुत्रा घेऊन बॉम्बशोधक पथक आलं ते आधी तिकडेच गेलं. आत एसीवाल्याचे पाने निघाले. पण मजल्यावर काय आपलं आणि काय परकं हे त्या बाईइतकं कोणालाच माहीत नव्हतं, मॅनेजरलाही नाही.

आणि खाली हजेरी घेतली तेव्हा मावशींचं नाव लिस्टमध्येच नाही! कँटीनचा पोरगा नाही, गार्ड नाहीत, कॉन्ट्रॅक्टवालं कोणीच नाही. लिस्ट पगारपत्रकावरून काढलेली. म्हणजे यातलं कोणी वरच राहिलं असतं तर विचारलंही नसतं कोणी. मला इतका राग आला ना, अजून उतरला नाहीये.

म्हणून उद्या गेल्या गेल्या तुझ्याकडची लिस्ट बघ, या सगळ्यांची नावं-नंबर त्यात घाल, आणि ड्रिल ठेवशील ते लंचच्या टायमाला ठेव, तेव्हाच माणसं पांगलेली असतात. मदत लागली तर शनिवारी मोकळा आहे, येतो मी.

तुझा,
सचिन