कागदी मतपत्रिकेने अमेरिकेत विश्वास आणला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत एक वाक्य मला वरचेवर दिसतं : 'अमेरिकेसारखा देश कागदावर मतदान घेतो, मग आपण यंत्रांना का चिकटून बसलो आहोत?' २०२४ च्या विधानसभा निकालानंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, तेव्हापासून तर ते जास्तच दिसतं. मारकडवाडीच्या लोकांची शंका रास्त की नाही, यावर मी इतक्या लांबून बोलणार नाही. अमेरिकेबद्दल मात्र बोलू शकते. इथलं मतदान मी टेबलामागे बसून करून घेतलं आहे आणि मतपत्रिका या हातांनी मोजल्या आहेत.

मी कराड तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. १९९५ च्या विधानसभेपासून निवृत्त होईपर्यंत इलेक्शन ड्यूटी सहसा चुकली नाही. आधी मतदान अधिकारी, पुढे दोनदा केंद्राध्यक्ष. मतपेटीला लाख लावताना भाजलेल्या बोटाची खूण अजून आहे. २००४ ला यंत्रं आली, तेव्हा सकाळी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेऊन, यंत्रावरचा शून्य त्यांना दाखवून मगच दार उघडायचं हे अंगवळणी पडलं. २०१३ मध्ये मी मुलीकडे आले. अटलांटाजवळ ग्विनेट काउंटी आहे, तिथे आम्ही राहतो. (काउंटी म्हणजे आपला तालुका-जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. जॉर्जिया राज्यात अशा १५९ आहेत.) २०१९ ला नागरिकत्व मिळालं. पुढच्याच वर्षी करोना आला. मतदान केंद्रांवर काम करणारी बहुतेक माणसं वयस्कर, त्यातल्या अनेकांनी नकार दिला आणि काउंटीला माणसं हवी होती. माझं वय तेव्हा सहासष्ट. मुलगी नको म्हणत होती, पण मी नाव दिलं.

आमचं केंद्र एका चर्चच्या सभागृहात होतं. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं, शपथ घ्यायची, पेट्यांच्या सीलचे नंबर कागदाशी ताडून पाहायचे. मतपत्रिका वाचणाऱ्या स्कॅनरमधून आधी एक लांबलचक पट्टी काढतात. प्रत्येक उमेदवारासमोर शून्य छापलेलं असतं आणि त्यावर आम्ही सह्या करतो. ती पट्टी हातात घेतली, तेव्हा कोयनेकाठच्या शाळेच्या वर्गखोलीत उभी आहे असंच मला वाटलं. सात वाजता दार उघडतं, संध्याकाळी सातला बंद. मतदार फोटो असलेलं ओळखपत्र दाखवतो, यादीत नाव सापडलं की त्याला एक कार्ड मिळतं. ते घालून तो पडद्यावर उमेदवार निवडतो, त्याचा कागद छापून येतो, तो वाचून स्वतःच्या हाताने स्कॅनरमध्ये सरकवतो. कागद खालच्या पेटीत पडतो. नावाचा घोळ असेल तर तात्पुरती मतपत्रिका देतात आणि खातरजमा झाल्यावरच ती मोजतात. रात्री यादीवरचा आकडा आणि स्कॅनरचा आकडा जुळवायचा, निकालाच्या पट्ट्या काढायच्या, सह्या करायच्या. एक पट्टी केंद्राच्या दाराला चिकटवायची, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता यावी अशी. आपल्याकडे प्रतिनिधींच्या हातात १७ सी ची (केंद्रावर किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची) प्रत ठेवतात, तसंच हे.

या सगळ्यावर निवडणूक आयोगासारखी एक संस्था नसते. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, काम बहुतेक ठिकाणी काउंटीचं, आणि आमच्या राज्यात वर बसलेला सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुकांचा प्रमुख अधिकारी, पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला. २०२० मध्ये आमचे ब्रॅड रॅफेन्सपर्गर हे होते, रिपब्लिकन.

त्या वर्षी जॉर्जियात बायडेन थोड्या मतांनी पुढे होते. म्हणून राज्यातल्या सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजायच्या ठरल्या. १३ ते १८ नोव्हेंबर. त्या मोजणीतले काही दिवस मी केले. एका टेबलावर दोघी. मी मतपत्रिका उचलायची, राष्ट्राध्यक्षपदासमोरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि समोरचीच्या हातात द्यायची. तिने ते स्वतः वाचायचं आणि त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यावर ठेवायचं. माझ्यासमोर एक निवृत्त कृष्णवर्णीय परिचारिका होत्या. दिवसभरात आम्ही एकमेकींशी त्या नावांखेरीज फारसं काही बोललो नसू. दर दहा टेबलांमागे पक्षांचा एकेक निरीक्षक फिरत होता. तो मागे येऊन उभा राहिला की परिचारिकाबाई मतपत्रिका मुद्दाम थोडी वर धरायच्या, त्याला दिसावी म्हणून. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसला होता.

त्या मोजणीत चुका सापडल्या. फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांहून जास्त मतपत्रिका मोजायच्याच राहिल्या होत्या, आणि त्यांतली जास्त मतं ट्रम्प यांची होती. ती मिळवली गेली. बायडेन यांची आघाडी कमी झाली, पण टिकली. मग ट्रम्प यांच्या मागणीवरून यंत्राने पुन्हा मोजणी झाली. शेवटचा फरक ११,७७९ मतांचा.

म्हणजे कागदी मतपत्रिका होत्या, त्या तीनदा मोजल्या, त्यातून एकदा हाताने. आपले वाचक मागतात त्याहून जास्तच झालं. आपल्याकडे विधानसभेच्या एका मतदारसंघात व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या पाच केंद्रांच्या मोजतात. इथे राज्यातली एकूण एक मतपत्रिका मोजली.

तरी विश्वास बसला नाही. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी रॅफेन्सपर्गर यांना फोन केला आणि आपल्याला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत असं म्हणाले. त्याचं ध्वनिमुद्रण सगळ्या जगाने ऐकलं. चार दिवसांनी वॉशिंग्टनला संसदेवर जमाव चालून गेला. साठाहून जास्त खटले कोर्टांत टिकले नाहीत. त्यानंतरची कित्येक वर्षं पाहणी कुणाचीही असो, बहुसंख्य रिपब्लिकन मतदार बायडेन खरोखर जिंकले हे मान्य करत नव्हते.

आमच्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतात. भला माणूस. माझे यजमान गेले तेव्हा त्यांनी आठवडाभर आमच्या अंगणातला पाचोळा न सांगता काढला होता. मी मोजणीहून आले तेव्हा ते फाटकाशी उभे होते. मी सांगितलं, मी स्वतः मोजून आले. ते म्हणाले, ''तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. पण वर काय चालतं ते तुम्हाला काय कळणार?'' मी त्यांना काय उत्तर देणार होते? 'वर' नावाचं काही नव्हतंच. मी होते, ती परिचारिका होती आणि मागे त्यांच्याच पक्षाचा निरीक्षक होता.

आता एक गोष्ट सांगते, जी मला अजून झोपू देत नाही. शेजारच्या फुल्टन काउंटीत रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस या मायलेकी मतमोजणीच्या कामावर होत्या. सीसीटीव्हीत आई मुलीच्या हातात काहीतरी देताना दिसली. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी ते यूएसबी असल्याचं सांगितलं. वस्तू कसली, तर आल्याची गोळी. शे मॉस यांनी २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे शपथेवर तसं सांगितलं. आपल्याकडे प्रवासात आलेपाकाची वडी कुणी पुढे करतं ना, तसं आईने मुलीला दिलेलं. त्यावरून धमक्या सुरू झाल्या, आईला सुमारे दोन महिने घर सोडून राहावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायचा निकाल दिला. पण स्वतःचं नाव मोकळेपणाने सांगायची भीती पैशाने जात नाही. मीही ड्यूटीवर पर्समध्ये वेलदोडे ठेवते. समोरच्या बाईंना दोन दिलेही होते. कुठल्या तरी कॅमेऱ्यात ते असेलच.

लोकांचं मत एका दोरीने बांधलेलं नसतं, हेही मी इथेच पाहिलं. २०२२ मध्ये रॅफेन्सपर्गर पुन्हा उभे राहिले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ट्रम्प यांचा पाठिंबा त्यांच्या विरोधकाला होता. मत द्यायला आलेल्यांत २०२० च्या निकालावर विश्वास नसलेले पुष्कळ असणार, आणि तरीही रॅफेन्सपर्गर पहिल्याच फेरीत जवळपास ५२ टक्के मतं घेऊन जिंकले. माझ्या शेजाऱ्यांनीही त्यांनाच मत दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, ''दबावाखाली हलला नाही, तेवढं खरं.'' हा माणूस निकाल खोटा मानत होता आणि निकाल लावणाऱ्याला मतही देत होता. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदत होत्या.

मग २०२४ आलं. तेच सभागृह, तीच यंत्रं, त्याच पट्ट्या. त्या दिवशी फुल्टनमधल्या केंद्रांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, काही केंद्रं थोडा वेळ रिकामी करावी लागली, तरी मतदान झालं. जॉर्जियात ट्रम्प सुमारे १ लाख १५ हजार मतांनी जिंकले. प्यू रिसर्च सेंटर या जनमताच्या पाहण्या करणाऱ्या संस्थेने नंतर मतदारांना विचारलं, देशभरात निवडणूक नीट पार पडली का? ट्रम्प यांच्या मतदारांपैकी ९३ टक्के हो म्हणाले. २०२० मध्ये त्यांचेच मतदार हो म्हणाले होते फक्त २१ टक्के.

हे आकडे वाचून पुष्कळजण म्हणतात, जिंकला तो निवडणुकीला चांगलं म्हणणारच, हरला तो वाईट. मीही तेच म्हणत होते. पण गणिताच्या बाईला दुसरा रकाना दिसल्याशिवाय राहवत नाही. २०२४ ला हरल्या त्या कमला हॅरिस, आणि त्यांच्या मतदारांपैकी ८४ टक्के हो म्हणाले. २०२० ला बायडेन यांच्या मतदारांत ते ९४ होते. दोन्ही वेळा हरलेल्या बाजूचे लोक, एकीकडे २१ आणि दुसरीकडे ८४. हा फरक नुसत्या हरण्या-जिंकण्याचा नाही. ६ नोव्हेंबरला हॅरिस यांनी हॉवर्ड विद्यापीठात उभं राहून निकाल मान्य केला. २००० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फ्लोरिडात ५३७ मतांवर सगळं अडलं, सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला. तेव्हा हरलेले डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनी कोर्टाशी आपण सहमत नाही असं सांगूनही १३ डिसेंबरला पराभव मान्य केला होता. हरलेला नेता दुसऱ्या दिवशी काय बोलतो, यावर त्याची माणसं मतपेटीकडे कोणत्या नजरेने पाहणार ते ठरतं. कागद की यंत्र हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

शंका एकाच बाजूला राहते असं मात्र नाही. निकालानंतर माझी एक मराठी मैत्रीण, पक्की डेमोक्रॅट, फोनवर म्हणाली की इलॉन मस्क यांच्या स्टारलिंक या उपग्रहावरून चालणाऱ्या इंटरनेट सेवेने मतं फिरवली. मी सांगितलं, अगं, आमचे स्कॅनर इंटरनेटला जोडलेलेच नसतात. ती म्हणाली, ''तुला आतलं काय कळणार?'' चार वर्षांपूर्वी फाटकाशी ऐकलेलं वाक्य, आता मराठीत.

जाता जाता : मार्च २०२५ च्या आपल्या निवडणुकांबद्दलच्या आदेशात ट्रम्प यांनी भारताचं उदाहरण दिलं, की तिथे मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडली जात आहे. मी केलेल्या एकाही ड्यूटीत अंगठा जुळवणारं यंत्र नव्हतं. यादी, ओळखपत्र, शाई आणि त्या गावातली माणसं ओळखणारे प्रतिनिधी, एवढ्यावर काम चालायचं. आपण अमेरिकेचं उदाहरण अर्धवट देतो, तसंच अमेरिका आपलं देते.

वाचकांनी कागद मागू नये असं मी म्हणत नाही. कागद होता म्हणूनच फ्लॉइडची चूक सापडली. मागायचाच असेल तर मोजणीसकट मागा. आणि आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला सकाळी शून्य पाहायला वेळेवर पाठवा. माझ्या केंद्रांवर कितीतरी प्रतिनिधी नऊला उगवायचे आणि १७ सी ची प्रत न घेता जेवायला निघून जायचे. आपल्या नेत्याला निकालाच्या आधीच विचारा, हरलात तर दुसऱ्या दिवशी काय बोलणार?

नोव्हेंबर २०२६ मध्ये इथे संसदेची मध्यावधी (राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मधोमध येणारी, ठरलेली) निवडणूक आहे. मी नाव दिलं आहे. केंद्रावर काम करण्याचा अर्ज मैत्रिणीलाही नेऊन दिला आणि शेजाऱ्यांनाही. मैत्रिणीने भरून पाठवला, तिचं प्रशिक्षण व्हायचं आहे. शेजाऱ्यांनी तो फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला आहे. परवा मी गेले तेव्हा पाहिलं, वरचा नाव-पत्ता भरलेला होता, सही अजून नव्हती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मूळ कराड, सध्या ग्विनेट काउंटी, जॉर्जिया