दादा, प्रायमरी लाइट निवडायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते, पण मला ते चारचौघांत मानायचे आहेत. तारकर्लीला किंवा गोव्यात डायव्हिंग शिकलेली आणि आता केव्ह डायव्हिंगकडे, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांत उतरण्याकडे, वळू पाहणारी आपली मुलंमुली मला विचारतात, ‘ताई, प्रायमरी लाइट, म्हणजे हातातला मुख्य लाइट, कुठला घेऊ?’ मी त्यांना जे सांगते, ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे. ते तुमच्या खात्यावर जमा व्हावं, म्हणून हे उघड पत्र.

केव्हचा कोर्स ठरला तेव्हा मी तुमच्याकडे एक यादी घेऊन आले होते. प्रत्येक लाइटसमोर लुमेनचा आकडा होता. इतकी वर्षं फ्लोरिडात राहूनही तुमची कोल्हापुरी बोली जशीच्या तशी आहे. ‘‘लुमेन र्‍हाऊ दे पोरी, झोत केवढा ते सांग,’’ म्हणालात. लुमेन म्हणजे लाइटमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो मध्यभागी किती एकवटलाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गुहेत कामाचा असतो तो मधला घट्ट ठिपका, म्हणजे सहा ते आठ अंशांचा झोत. पसरट झोत व्हिडिओसाठी चांगला, पण तळाचा बारीक गाळ उठला की त्याचाच प्रकाश कणांवरून उलटून डोळ्यांत येतो. पावसाळ्यात आंबोली घाटात धुक्यात हाय बीम लावला की पुढे नुसतं पांढरं दिसतं, तसं.

ठिपक्याचं दुसरं आणि मोठं काम तुम्ही इथल्या पीकॉक स्प्रिंग्जच्या गुहेत दाखवलंत. तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर, पुढचा माणूस पाठमोरा, मग बोलायचं कसं? लाइटने. ठिपका सावकाश गोल फिरवला की ‘ठीक आहे ना?’, आणि उत्तरही तसंच गोल. आडवा हळू हलवला तर ‘इकडे बघ’. आडवा जोरजोरात हलवला तर संकट, तिथल्या तिथे वळायचं. पण यातलं काही न करताही लाइट बोलत असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या मागे होतात. माझ्या डावीकडच्या दगडावर तुमचा ठिपका संथपणे माझ्याबरोबर सरकत होता आणि गाइडलाइन, म्हणजे परतीची वाट दाखवणारी दोरी, त्याच्या कडेने मधूनमधून चमकत होती. मग तुम्ही मुद्दाम लाइटवर हात ठेवलात. मी दोनदा फिन मारले असतील, तेवढ्यात मान आपोआप मागे वळली. पसरट लाइट असता तर तुमचा आणि माझा प्रकाश एकमेकांत मिसळून गेला असता आणि तुमचा गेलेला मला कळलाही नसता. यादीतला सगळ्यात जास्त लुमेनचा लाइट मी त्या संध्याकाळी खोडला.

तुमच्या गॅरेजमधल्या बादलीचेही आभार मानायचे आहेत. दुकानातून चाचणीसाठी मागून आणलेले दोन लाइट तुम्ही एकामागून एक पाण्यात उभे करून लावलेत. हवेत लावले असते तर एलईडी तापून आतल्या सर्किटनेच प्रकाश कमी केला असता आणि हिशेब चुकला असता. वर तुळईला लक्स मीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं यंत्र, बांधला होता. दर अर्ध्या तासाने आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. एका लाइटचा आकडा पहिल्याच तासात घसरू लागला. खोक्यावर चार तास लिहिलेले होते, आणि चौथ्या तासाला तो लागलेला होता एवढंच म्हणता येईल. दुसरा जवळजवळ शेवटपर्यंत एका पातळीवर टिकला. मग तुम्ही सांगितलंत की टॉर्चच्या एफएल-१ या मानकात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘रनटाइम’ म्हणून मोजतात. म्हणजे खोक्यावरचे तास तपासून पाहिल्याशिवाय गुहेत धरायचे नाहीत. तुमचा नियम मी आता सगळ्यांना सांगते: डाइव्ह जितक्या वेळाचा ठरवलाय, त्याच्या निदान दीडपट वेळ पूर्ण प्रकाश टिकला पाहिजे.

आकड्यांची वाट बघता बघता तुम्ही एलईडीच्या आधीच्या, वायूच्या बल्बच्या जुन्या एचआयडी लाइटबद्दल सांगत होतात. दिवा पूर्ण तेजावर यायला वेळ घ्यायचा. एकदा बंद केला की गरम असेपर्यंत पुन्हा पेटायचा नाही, म्हणून बंद न करता हाताने झाकायचा. बल्बही नाजूक. एलईडीने हे सगळं सोपं केलं, पण ती सवय ज्यांच्या अंगात मुरली त्यांच्याकडून शिकायला मिळालं हे माझं भाग्य.

कॅनिस्टर, म्हणजे वेगळ्या डब्यातल्या बॅटरीला वायरने जोडलेला लाइट, घ्यायचा की बिनवायरचा, यावर तुम्ही फार वेळ घालवला नाहीत. पाठीवर जोड सिलिंडर असतील तर बॅटरीचा डबा कमरपट्ट्यावर उजवीकडे. लाँग होज, म्हणजे अडचणीत जोडीदाराला हवा द्यायचा लांब पाइप, तोही त्याच्याखाली नीट बसतो. लाइट डाव्या हाताच्या पाठीवर बसणाऱ्या गुडमन हँडलमध्ये, म्हणजे बोटं गाइडलाइनच्या रीलला मोकळी आणि उजवा हात हवा द्यायला मोकळा. वायर होजच्या वरून गेलेली नाही ना, हे तुम्ही दर वेळी स्वतः बोट फिरवून बघायचात. आता मी माझ्या जोडीदाराचं बघते.

फेब्रुवारीत मेक्सिकोत टुलुमला सेनोटेंमध्ये, म्हणजे चुनखडकातल्या पाणभरल्या विवरांमध्ये, जायचं ठरतंय, म्हणून बॅटरीचा धडाही कामाला आला. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी केबिन बॅगेत नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे प्रवासी विमानात नाहीच. माझी १०.८ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण ७३. तिकडचा चुनखडक पांढरा, प्रकाश परतवणारा. इथल्या, फ्लोरिडातल्या काही गुहांच्या काळपट भिंती प्रकाश गिळतात, म्हणून लाइट इथल्या हिशेबाने निवडायला लावलात ते बरं केलंत.

आणि जिनी स्प्रिंग्ज. तिथल्या डेव्हिल्स सिस्टिम या गुहेत ओपन वॉटर, म्हणजे फक्त मोकळ्या पाण्यातलं शिक्षण घेतलेल्या डायव्हरला लाइट नेऊच देत नाहीत, कारण हातात लाइट असला की माणूस आत ओढला जातो. केव्हचं शिक्षण नसणाऱ्याने इथून पुढे जाऊ नये, असं बजावणारी मृत्यूच्या चित्राची पाटी तुम्ही मला बाहेरच्या उजेडातून दाखवलीत. लाइट विकत घेण्याआधी दाखवलीत, याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी १९७० च्या दशकात गुहांमधले अपघात तपासून काढलेल्या निष्कर्षांवर उभे राहिलेले नियमही तुम्ही त्याच दिवशी सांगितलेत: शिक्षण, अखंड गाइडलाइन, हवेचे तीन हिस्से (एक जाताना, एक येताना, एक राखीव), खोलीची मर्यादा आणि माणशी किमान तीन लाइट. तीन लाइटांतला एक जरी बंद पडला तरी सगळी टीम परत फिरते, कुणी वाद घालत नाही.

तुम्हाला काही विकायचं नव्हतं. शनिवार-रविवार मोडून, वहिनींच्या हातचं जेवू घालून तुम्ही मला प्रश्न विचारायला शिकवलंत. वहिनींनाही मनापासून नमस्कार सांगा.

लक्स मीटर अजून माझ्याकडेच आहे. कोर्सला नव्याने आलेल्या एका मुलीला तिचा लाइट तपासायचाय. तुमची हरकत नसेल तर तिचं झालं की आणून देते. ती येताना बादली घेऊन येणार आहे.

तुमची,
फ्लोरिडातली मालवणची धाकटी बहीण