पिट्युटरीजवळची सिस्ट आणि शस्त्रक्रियेची घाई

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा एमआरआयचा अहवाल नीट वाचला. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला लागून सात मिलिमीटरची सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली गाठ, आहे आणि ती ‘राथके क्लेफ्ट सिस्ट’ असावी, असे रेडिओलॉजिस्टने लिहिले आहे. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तोंडाच्या छतातून एक पिशवी वर सरकते आणि तिच्यातून या ग्रंथीचा पुढचा भाग घडतो. त्या पिशवीतली फट पुरती बुजली नाही, तर तिथे द्रव साचून अशी सिस्ट तयार होते. जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ मार्टिन राथके यांनी १८३८ मध्ये या पिशवीचे वर्णन केले. ही सिस्ट कर्करोग नव्हे. अन्य कारणांनी मृत्यू आलेल्यांच्या शवविच्छेदनातही ती साधारण १० ते २० टक्के व्यक्तींत सापडते, म्हणजे असंख्य माणसे तिची गंधवार्ताही नसताना आयुष्य काढतात.

तू लगेच काढून टाकायचे म्हणतोस, ते मला पटलेले नाही. निर्णय सिस्टच्या नुसत्या असण्यावर नव्हे, तर ती कशावर दाब देते यावर घ्यायचा असतो. ग्रंथीच्या वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. तिथे दाब आला की दोन्ही बाजूंची कडेची नजर आधी जाते आणि माणसाला ते बरेच दिवस कळतही नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घे. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ, सकाळचे कॉर्टिसोल (अॅड्रिनल ग्रंथीचे हार्मोन), फ्री टी४ (थायरॉइडचे हार्मोन), प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचे एक हार्मोन), टेस्टोस्टेरॉन आणि सोडियम तपासतील. थायरॉइडसाठी केवळ टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनवर, विसंबू नकोस, कारण दोष पिट्युटरीत असेल तर तो आकडा सामान्य दिसूनही थायरॉइडचे हार्मोन कमी असू शकते. प्रोलॅक्टिन थोडे वाढलेले आले तरी दचकू नकोस. ग्रंथीच्या देठावर दाब आला की तेवढे वाढते. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाले, तर कॉर्टिसोलची भरपाई आधी आणि थायरॉइडची गोळी नंतर, हा क्रम मात्र चुकवून चालत नाही.

हे सारे ठीक असेल, तर ठरावीक अंतराने एमआरआय करून लक्ष ठेवणे हाच उपचार. अशा सिस्ट बऱ्याचदा वाढत नाहीत, काही तर आपोआप लहान होतात. तुझी डोकेदुखी हा अवघड प्रश्न आहे, कारण ती सिस्टमुळेच आहे हे सिद्ध करणे कठीण. मायग्रेनची शक्यता न तपासता नुसत्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करणे मला घाईचे वाटते.

नजर कमी होऊ लागली, तर मात्र थांबू नये. दुर्बिणीने नाकावाटे जाऊन सिस्ट उघडतात, द्रव काढतात आणि भित्तिकेचा तुकडा तपासणीला पाठवतात; निदान खात्रीने होते ते तिथेच. संपूर्ण भित्तिका खरवडण्याचा आग्रह सर्जनकडे धरू नकोस, कारण त्यात ग्रंथीला इजा होऊन सतत तहान आणि भरमसाट लघवीचा विकार जडण्याचा धोका वाढतो. नाकातून पाण्यासारखा द्रव गळणे आणि आठवडाभराने सोडियम घसरणे, या दोन्हींवर नंतर लक्ष ठेवावे लागते. सिस्ट पुन्हाही भरू शकते, त्यामुळे पुढची काही वर्षे तपासण्या सुटत नाहीत.

एक मात्र आत्ताच लक्षात ठेव: अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि अंधूक दिसणे असे एकत्र झाले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तडक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. दृष्टिक्षेत्राचा आणि रक्ताचा अहवाल आला की मला पाठव.

तुझी,
आई