अ‍ॅप स्टोअरचा टक्का आणि मक्ता

महोदय,

अ‍ॅप स्टोअरवरून कंपन्यांचे भांडण झाले की सगळी चर्चा विक्रीतून स्टोअर कापून घेते त्या ३० टक्के कमिशनभोवती घुटमळते. हा टक्का वाजवी की जास्त, एवढाच जणू प्रश्न आहे. मी स्वतः लहानसहान अ‍ॅप तयार करून पोट भरतो, त्यामुळे तो मलाही बोचतो. पण उद्या टक्का निम्मा झाला तरी मूळ दुखणे तसेच राहील, असे मला वाटते.

निम्मा झालेलाच आहे की! जानेवारी २०२१पासून अ‍ॅपलने वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमाई असणाऱ्या डेव्हलपरांसाठी १५ टक्क्यांची योजना आणली. त्याच वर्षी जुलैत गूगलने पहिल्या १० लाख डॉलरवर तेच केले. खटले आणि सरकारी चौकश्यांचा ससेमिरा मागे लागल्यावर सुचलेले हे शहाणपण. याउलट संगणकावर काय झाले पाहा. गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने २०१८मध्ये १२ टक्क्यांचे दुकान थाटले. त्याच सुमारास स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने जास्त खपाच्या गेमसाठी आपला वाटा ३०वरून २५ आणि पुढे २०पर्यंत खाली आणला. २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टही पीसी गेमपुरते १२वर आले. त्या कपातीसाठी कोणाला कोर्टात जावे लागले नाही, कारण संगणकावर एक दुकान परवडले नाही तर दुसऱ्यात जाता येते, नाही तर गेम थेट बनवणाऱ्याकडून घेता येतो.

फोनवर ती सोय सहसा नाही. दुकान ज्याचे, नियम त्याचे, तपासणी त्याची, आणि शेजारी मांडलेला प्रतिस्पर्धी मालही त्याचाच. वर गिऱ्हाइकाला ‘माझ्याकडून थेट घ्या, स्वस्त पडेल’ एवढे अ‍ॅपमधून सांगायचीही अनेक ठिकाणी बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. याच बंदीवरून युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये अ‍ॅपलला १८० कोटी युरोंहून अधिक दंड केला. तक्रार स्पॉटिफाय या संगीतसेवेची होती, आणि अ‍ॅपलची स्वतःची संगीतसेवा त्याच फोनवर विकली जात होती.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, त्याचा एक नमुना. माझ्या एका अ‍ॅपचे अपडेट नाकारले गेले (स्टोअर कोणते ते सोडा). कारण म्हणून फक्त नियमाचा क्रमांक आणि एका स्क्रीनचे चित्र. अ‍ॅपमधून मदतीचे पान उघडायचे, त्या पानाच्या तळाशी माझ्या संकेतस्थळाची लिंक होती, आणि त्या संकेतस्थळावर कुठेतरी वार्षिक वर्गणी भरायची सोय होती. म्हणजे अ‍ॅपमधून तीन पायऱ्या ओलांडल्यावर दिसणारी गोष्ट. अपडेटमध्ये होती फक्त चुकांची दुरुस्ती, तीही तोवर लटकलेली. विचारणा केली तर तेच उत्तर, तोच क्रमांक. दाद मागायची तर त्याच दुकानाच्या समितीकडे. शेवटी लिंक काढली आणि मोकळा झालो. दुसरे करणार काय?

मोठ्यांचेही फार वेगळे नाही. त्यांच्याकडे वकील असतात, एवढेच. १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिकने फोर्टनाइटमध्ये थेट पैसे भरायची सोय सवलतीसह दिली. त्याच दिवशी अ‍ॅपल आणि गूगल दोघांनी तो गेम स्टोअरवरून काढला. एपिकने अमेरिकेत दोघांवर खटले भरले. अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात सप्टेंबर २०२१च्या निकालात न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी बहुतेक मुद्द्यांवर अ‍ॅपलच्या बाजूने कौल दिला, पण गिऱ्हाइकाला बाहेरची वाट दाखवू द्या, असा आदेशही दिला. अपिले संपल्यावर जानेवारी २०२४मध्ये अ‍ॅपलने लिंक द्यायला परवानगी दिली आणि त्या लिंकवरून बाहेर झालेल्या खरेदीवरही २७ टक्के लावले! बाहेर पैसे घ्यायचा खर्च धरला तर डेव्हलपरच्या हाती काही उरणार नाही, असा हिशोब. शिवाय लिंक दाबताच पडदाभर इशारा. ‘बाहेरचे संकेतस्थळ’ हे शब्द ऐकायला भीतीदायक आहेत, तेव्हा ते वरिष्ठांना आवडतील, अशा आशयाची कर्मचाऱ्यांमधली देवाणघेवाण कोर्टासमोर आली. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग ठरवला आणि फौजदारी अवमानाचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठवले.

एपिकच्या गूगलविरुद्धच्या खटल्यात मात्र ज्युरीने डिसेंबर २०२३मध्ये एकमताने मक्तेदारीचा ठपका ठेवला. गंमत अशी की अँड्रॉइडवर बाहेरून अ‍ॅप टाकता येते, आयफोनवर तेही नव्हते. दार ठेवून वाट अडवणारा दोषी, आणि दारच न ठेवणारा बहुतांशी निर्दोष. ज्युरी आणि न्यायाधीश यांतला फरक, ‘बाजार’ कशाला म्हणायचे यावरचा वाद, फोन बनवणाऱ्यांशी केलेले करार, अशी कायद्याची कारणे त्याला आहेत. पण त्यातून कंपन्यांनी धडा घेतला तर तो कोणता घेतील?

नुसत्या टक्क्यावर किंवा पैसे भरायच्या पद्धतीवर नेम धरणारे कायदे का फसतात, हे दक्षिण कोरियात दिसले. ऑगस्ट २०२१मध्ये त्या देशाने स्टोअरवाल्यांना स्वतःचीच पेमेंट व्यवस्था वापरायची सक्ती करायला मनाई केली, आणि असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश ठरला. गूगलने दुसरी पेमेंट व्यवस्था मान्य करून कमिशन फक्त ४ टक्क्यांनी उतरवले, अ‍ॅपलने २६ टक्के ठेवले. कायदा पाळला आणि जिरवलाही. युरोपात मार्च २०२४पासून आयफोनवर दुसरी स्टोअर आली, तर अ‍ॅपलच्या नव्या अटी घेणाऱ्यांना १० लाखांपुढच्या प्रत्येक वार्षिक इन्स्टॉलमागे अर्धा युरो अशी नवी पट्टी निघाली.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. फसवी अ‍ॅप आहेत, बँकखाती रिकामी होतात, आणि तपासणीमुळे त्यांतली कितीतरी अडतात. पण तपासणी करणे आणि विक्रीचा मक्ता घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. अ‍ॅपलच्याच मॅकवर कुठूनही आणलेले अ‍ॅप चालते. डेव्हलपरने ते आधी अ‍ॅपलकडून तपासून शिक्का घ्यायचा, विकायचे कुठे हे त्याने ठरवायचे. फोनवर तेच करायला काय हरकत आहे? आणि स्टोअरची भिंत काही अभेद्य नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपची नक्कल तपासणीतून सुटून अ‍ॅप स्टोअरवर पोहोचलीच होती.

म्हणून माझी मागणी टक्क्याची नाही. विकत घेतलेल्या यंत्रावर हवे तिथून सॉफ्टवेअर घालायचा मालकाचा हक्क कायद्यात यावा, आणि अ‍ॅप काढले किंवा अडवले तर लेखी कारण आणि कंपनीच्या बाहेर दाद मागायची सोय मिळावी. हे झाले की टक्का आपोआप जागेवर येईल.

गेम कन्सोलबाबत, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रांबाबत, तर एवढीही चर्चा होत नाही, याचे मला नवल वाटते. एक यंत्र, एक स्टोअर, हाच नमुना. यंत्र तोट्यात विकून गेममधून भरून काढतो, असे समर्थन होते. एपिक-अ‍ॅपलच्या २०२१च्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानेच आपल्या एक्सबॉक्स या कन्सोलवर कधी नफा झाला नाही अशी साक्ष दिली. ठीक आहे. पण डिस्कचा खाचा नसलेले यंत्र घेतले की जुना गेम विकणे, मित्राला देणे, स्वस्तात दुसऱ्याकडून घेणे, सगळेच संपते. दुकान बंद झाले की त्याहून वाईट. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या स्टोअरवरील खरेदी बंद केली. पुढच्याच वर्षी ३१ मार्चला युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या आपल्या गेमचा सर्व्हर बंद केला, तेव्हा तर डिस्क घरात असलेल्यांचाही गेम निकामी झाला. तुम्ही वस्तू नव्हे, परवाना घेत आहात, हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगा, असा कॅलिफोर्नियाचा कायदा २०२५पासून लागू आहे. सांगून लुबाडले म्हणजे लुबाडणे थांबले असे नव्हे, तरी काहीतरी झाले.

स्टोअरवरचे बाकी कायदे बहुतेक फोनपाशीच थांबतात. डिसेंबर २०२५मध्ये पूर्ण लागू झालेला जपानचा नवा कायदाही स्मार्टफोनपुरताच आहे. कन्सोल बनवणाऱ्या सोनी आणि निन्टेन्डो दोन्ही जपानच्याच, ही बाब आपल्या बातमीदारांनी एकदा तपासून लिहावी.

आपला,
एक अ‍ॅप डेव्हलपर वाचक