तारीख ठाऊक नसलेल्या निवडणुकीची माणसं

मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की उमेदवार एक, राज्य एवढंसं, मग पगारी माणसं शंभर कशाला? आणि आईचा प्रश्न, ही प्रचारमोहिमेतली नोकरी टिकणार किती दिवस? दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत आणि फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रायमरी म्हणजे खरी निवडणूक नव्हे, अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान. पण ते घेतं सरकार. न्यू हॅम्पशायरमध्ये गावोगावचे टाउन क्लर्क आणि मॉडरेटर मतपत्रिका, पेट्या, मोजणी सगळं सांभाळतात. बाबा, तुम्ही जी केंद्राध्यक्षाची ड्यूटी केलीत ती इथे त्यांची. आमचा मोजणीशी काही संबंध नाही. माणूस त्या दारापर्यंत आणायचा, एवढंच आमचं काम. आयोवा राज्यात प्रायमरीऐवजी कॉकस होतो, म्हणजे कार्यकर्त्या-मतदारांच्या सभा, आणि तो पक्षच घेतो. २०२० साली ३ फेब्रुवारीला तिथे निकाल कळवायचं अ‍ॅपच बिघडलं आणि निकाल कित्येक दिवस लटकला. इथे ती भानगड नाही.

इथली भानगड तारखेची. राज्याचा कायदा सांगतो की दुसऱ्या कुठल्याही राज्यातल्या अशा निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आमची व्हायला हवी. त्यामुळे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुका सांभाळणारा अधिकारी, बाकीच्यांची पानं उघडेपर्यंत गप्प बसतो. २००८ ची प्रायमरी ८ जानेवारीला झाली, तिची तारीख जाहीर झाली २१ नोव्हेंबर २००७ ला. २०२४ ची २३ जानेवारीला, ती कळली १५ नोव्हेंबर २०२३ ला. माणसं मात्र मे-जूनमध्येच घ्यावी लागतात. म्हणून ऑफिसचा भाडेकरार महिन्या-महिन्याचा करायचा, किंवा फेब्रुवारीअखेरपर्यंत करून लवकर सोडायची अट घालून घ्यायची. पगाराच्या अंदाजात चार आठवड्यांची जादा तरतूद ठेवायची. तारीख पुढे गेली तर शेवटच्या महिन्याचा पगार कुठून आणणार, हे जूनमध्येच कागदावर हवं.

उमेदवारी अर्ज त्या मानाने सोपा. १,००० डॉलर भरायचे, सह्या गोळा करायच्या नाहीत. आपल्याकडे लोकसभेला २५,००० रुपये अनामत असते आणि सहाव्या हिश्श्याइतकी मतं नाही पडली तर जप्त होते. इथे जप्तीचा प्रश्नच नाही, हे पैसे परत मिळतच नाहीत. सगळीकडे असं सोपं नसतं. व्हर्जिनियात २०१२ साली १०,००० सह्या लागत होत्या, त्यातही ११ मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. रिपब्लिकन पक्षाच्या मतपत्रिकेवर नावं आली फक्त रॉम्नी आणि रॉन पॉल यांची. गिंगरिच आणि पेरी यांची माणसं तिथे उशिरा पोचली, ते बाहेरच राहिले.

आता माणसं घ्यायचा क्रम. सगळ्यात आधी स्टेट डायरेक्टर, म्हणजे राज्यातल्या मोहिमेचा प्रमुख. त्यानंतर बरेच जण थेट ऑर्गनायझर, म्हणजे गावोगाव मतदार जोडणारी पोरं, भरायला धावतात, कारण "मैदानात चाळीस जण उतरवले" अशी बातमी छापून येते. माझ्या मते दुसरं माणूस पोलिटिकल डायरेक्टर, म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांना सांभाळणारं, हवं आणि ते इथलंच हवं. या राज्याची लोकसंख्या साधारण १४ लाख आणि विधानसभेत आमदार ४००. म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक! मानधन वर्षाला १०० डॉलर. त्यामुळे प्रत्येक गावात एखादा आजी-माजी आमदार, सिलेक्टमन (गावाच्या कारभारी मंडळाचा सदस्य), पक्षाचा गावप्रमुख भेटतोच, आणि त्यांतल्या प्रत्येकाला पाठिंबा देण्याआधी उमेदवाराला प्रत्यक्ष भेटायचं असतं, एकदा नव्हे, दोन-तीनदा. कोणाला कोणाच्या आधी फोन केला की तिसरा रुसतो, हे बाहेरून आलेल्याला वर्षभरात कळत नाही. गावकीचं राजकारण आहे हे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिसरं माणूस ऑपरेशन्सचं. ऑफिसची किल्ली, फोन, पगारपत्रक, आरोग्यविमा, पेट्रोलची बिलं हे सगळं त्याच्याकडे. हे माणूस शेवटी घेतलं की काय होतं? बावीस-तेवीस वर्षांची मुलं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर पेट्रोल भरत राहतात, बिलं दीड महिना अडकतात आणि ऑक्टोबरमध्ये चांगलं पोरगं निघून जातं. प्रचारातली बरीच गळती विचारांवरून होत नाही, बिलांवरून होते. चौथा डेटावाला. राज्य पक्षाकडून मतदार यादी विकत घ्यायची, ती व्हॅन नावाच्या प्रणालीत असते. गल्लीवार तुकडे पाडून रोजच्या याद्या काढणारं माणूस पहिल्या ऑर्गनायझरच्या आधी बसलेलं हवं. मग विभागप्रमुख, एकेकाच्या हाताखाली सहा ते आठ ऑर्गनायझर. आठाच्या वर गेलं की तो प्रमुख राहत नाही, नुसता हजेरी घेतो.

आणि मग ऑर्गनायझर. आपल्याकडे पन्नाप्रमुख असतो ना, यादीतल्या एका पानाचा धनी, तसा हा काही गावांचा धनी. राज्यात २२१ टाउन आणि १३ शहरं. दक्षिणेकडच्या हिल्सबरो आणि रॉकिंगहॅम या दोन काउंट्यांत राज्याची निम्म्याहून जास्त वस्ती, तिथे मुलं दाटीवाटीने बसतात. उत्तरेला कोअस काउंटी, क्षेत्रफळात सर्वांत मोठी आणि माणसं तीसेक हजार. तिथे एकच जण देतात, आणि तो स्वतःच्या गाडीचा मालक असावा लागतो, बर्फाच्या टायरांसकट.

याचा दिवस सकाळी दहाला सुरू होतो. दुपारी गावातल्या कोणाशी तरी कॉफीवर तासभर बोलणं, संध्याकाळी पाच ते नऊ फोन. शंभर नंबर फिरवले तर दहा-पंधरा जण बोलतात. शनिवार-रविवार घरोघरी. एका स्वयंसेवकाला तीन तासांत शहरात चाळीसेक दारं होतात, खेड्यात पंधरा. निम्मी बंदच मिळतात. बोललेल्या प्रत्येकाला एक ते पाच आकडा द्यायचा: एक म्हणजे पक्का आपला, तीन म्हणजे कुंपणावर, पाच म्हणजे दुसऱ्याचा.

सगळी गोम या आकड्यात आहे. "हो हो, चांगला माणूस आहे तुमचा," असं कोणी म्हटलं की नवखं पोर एक लिहून मोकळं होतं. आपल्याकडे प्रत्येक पक्षाच्या पोराला दारात "मत तुम्हालाच" म्हणतात, त्यातलाच प्रकार! शिवाय वरून रोज "आज किती एक?" असं विचारलं जातं, मग तीनाचे दोन आणि दोनाचे एक होतात. डिसेंबरमध्ये कागदावर जिंकलेलो असतो आणि जानेवारीत माणसं येत नाहीत. उपाय एकच. दर आठवड्याला दुसऱ्या विभागाच्या माणसाने दहातल्या एका 'एक'ला परत फोन करायचा आणि त्याला नाव न सुचवता विचारायचं, "सध्या कोणाकडे कल आहे?" पाचांपैकी दोघे जरी घसरले तरी त्या ऑर्गनायझरची सगळी यादी नव्याने तपासायची. त्याला झापायचं नाही. झापलं की तो पुढच्या वेळी खोटं जास्त सफाईने लिहितो.

स्वयंसेवकांचंही तसंच. येतो म्हणणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत, हे गृहीतच धरायचं. दहा हवेत तर वीस जणांची वेळ घ्यायची आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करायचा. संदेश पाठवून भागत नाही. फोनवर "उद्या दहाला, गाडी मागच्या बाजूला लाव, तुझ्याबरोबर अमुक आजी आहेत" असं सांगितलं की माणूस येतो, कारण आता न येणं म्हणजे त्या आजींना एकटं सोडणं.

इथली आणखी एक गंमत म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदार कुठल्याच पक्षात नोंदलेले नसतात. ते त्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात. पलीकडच्या पक्षात चुरस नसेल तर हे सगळे आपल्याकडे वळतात, असेल तर निम्मे तिकडे जातात. म्हणजे आपले मतदार कोण, हे दुसऱ्या पक्षावर ठरतं, आणि शेवटच्या महिन्यात याद्या पुन्हा पाडाव्या लागतात.

नोंदणी मतदानाच्या दिवशीही होते, पण नोव्हेंबर २०२४ नंतर लागू झालेल्या कायद्याने नव्या नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा लागतो: पासपोर्ट, जन्मदाखला वगैरे. मार्च २०२५ च्या गावनिवडणुकांत माणसं परत पाठवली गेली. आई, तुला हे लगेच कळेल: जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं, मग लग्नाचा दाखला आणा. म्हणून डरहॅम आणि हॅनोव्हरच्या विद्यापीठांसाठी वेगळा ऑर्गनायझर सप्टेंबरमध्येच घ्यायचा. मुलं नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला घरी जातात, तेव्हाच कागद बरोबर आणायला सांगायचे. जानेवारीत सांगून काही उपयोग नाही.

आता पैसे. चाळीस ऑर्गनायझर, महिना ४,००० डॉलर धरले तर १,६०,०००. त्यावर मालकाने भरायचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर ७.६५ टक्के, म्हणजे आणखी १२,२४०. आठ महिन्यांचे पावणेचौदा लाखांच्या वर जातात, आणि यात विमा, भाडं, पेट्रोल काहीच नाही. म्हणून जूनमध्ये दहा, ऑगस्टमध्ये दहा, ऑक्टोबरमध्ये वीस अशी भरती करतात. ३० सप्टेंबरला तिमाही संपते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत जमाखर्च निवडणूक आयोगाकडे जाहीर करावा लागतो. पैसे आटलेत हे त्या दिवशी सगळ्या देशाला कळतं आणि देणगीदार हात आखडता घेतात. कमला हॅरिस यांच्या मोहिमेने नोव्हेंबर २०१९ च्या सुरुवातीला इथली मैदानातली माणसं काढली, आयोवावर सगळा डाव लावला आणि ३ डिसेंबरला त्यांनी स्वतः माघार घेतली. त्या मुलांनी उन्हाळाभर जोडलेली माणसं आठवड्याभरात इतर मोहिमांनी उचलली. इथे माल म्हणजे ओळखी, आणि त्या ऑर्गनायझरबरोबर जातात.

तुम्ही पगाराबद्दल काळजी करता म्हणून सांगते, २०१९ पासून यात थोडी शिस्त आली आहे. त्या वर्षी बर्नी सँडर्स यांच्या मोहिमेत कर्मचाऱ्यांची युनियन झाली आणि काही महिन्यांत वादही पेटला: वर्षाला ३६,००० डॉलर आणि आठवड्याला साठ तास म्हणजे ताशी १५ डॉलरही पडत नाहीत, आणि उमेदवार तर १५ डॉलर किमान वेतनाचं भाषण देतो! राहायचं मात्र बहुतेकांचं फुकट होतं. समर्थकांच्या घरातली रिकामी खोली. त्याचीही यादी ठेवावी लागते: मांजर आहे का, गाडी बर्फात कुठे लावायची, स्वयंपाकघर वापरू देतात का.

शेवटचे चार दिवस. इथे आधीपासून मतदान नसतं, टपाली मताला कारण लागतं, म्हणजे सगळं त्या एका मंगळवारी. गावोगाव कोणाचं तरी गॅरेज किंवा दिवाणखाना ठाणं म्हणून घ्यायचा, तिथून घरोघरीच्या याद्यांची पाकिटं निघतात. साडेचारला अंधार पडतो, म्हणून घरोघरीचं काम दिवसाउजेडी आणि फोन रात्री. थंडीत फोनची बॅटरी पटकन बसते, म्हणून याद्या कागदावर छापलेल्याच हव्यात. बॉलपेन गोठतं, पेन्सिली द्यायच्या. पायरीवर मीठ टाकायचं काम कोणाचं, हे नावानिशी लिहायचं, नाहीतर पहिली सत्तरीची बाई तिथेच घसरते. बाहेरून आलेल्या उत्साही मंडळींना गाड्या चालवायला द्यावं, दारात इथल्यांनाच उभं करावं. २००४ मध्ये आयोवात हॉवर्ड डीन यांच्यासाठी देशभरातून हजारो मुलं केशरी टोप्या घालून आली होती. डीन तिसरे आले.

याच्या उलट २०२४. डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, न्यू हॅम्पशायरने कायद्यावर बोट ठेवून आधीच मतदान घेतलं, बायडन यांनी अर्जच भरला नाही. इथल्याच जुन्या कार्यकर्त्यांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायची मोहीम चालवली आणि बायडन साठ टक्क्यांहून जास्त मतं मिळवून जिंकले. उमेदवाराचं ऑफिस नाही, पगारी फौज नाही. बाबा, तुमच्या प्रश्नाचं हे सगळ्यात अडचणीचं उत्तर आहे, पण तिथे चुरस फारशी नव्हती हेही खरं. २०२० मध्ये सँडर्स आणि बुटिजेज यांच्यात चार हजार मतांचंही अंतर नव्हतं. गावामागे सतरा मतं. एवढ्यावर येतं तेव्हा शंभर माणसं लागतात.

आई, नोकरी मतदानाच्या रात्रीपर्यंत. जिंकलो तर दोन दिवसांत अर्धी माणसं पुढच्या राज्यात, हरलो तर त्या महिनाअखेर पगार आणि बहुधा विमाही बंद. हे मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी लेखी देते, मलाही तेच लागू.

आणि बाबा, "आमच्यातर्फे काही देणगी" म्हणालात, ते कृपा करून पाठवू नका. जे इथले नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नाहीत त्यांच्याकडून एक डॉलरही घेता येत नाही, आणि माझ्या खात्यातून वळवणं तर सरळ गुन्हा. फोन तुमच्या रात्री साडेसातला करा, इथे सकाळचे दहा असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातील, तेव्हापासून साडेआठला. तुमच्या पहाटे अडीच ते साडेसहा मी फोनवरच असते, पण तो दुसऱ्यांच्या.

तुमची,
मुग्धा