बैठकीआधीची बैठक

टोकियो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. टीव्हीवर भूकंपाची पट्टी दिसली की लगेच फोन करत जाऊ नका. इथल्या इमारती हलतात, कारण त्या तशाच बांधतात. आई, इथल्या निशी-कासाई भागात तूरडाळ, हिंग सगळं मिळतं. पार्सलचा विषय बंद.

बाबा, "फुकटचे सल्ले पारावर मिळतात, त्याला पैसे कोण देतं?" असं विचारलंत. देतात! 1963 साली निघालेल्या बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने दुसरं ऑफिस 1966 सालीच टोकियोत उघडलं. आमची फर्म त्यापुढे चिमुकली. जुन्या कारखानदारांना नवं काय काढायचं आणि जुनं काय बंद करायचं, ते आम्ही सांगतो. शंभरी ओलांडलेल्या कंपन्या या देशात तीस हजारांवर आहेत. आजोबांनी सुरू केलेलं खातं बंद करा, असं त्यांना सांगून बघा.

त्यात इथली नेमावाशी. बैठकीत कुणी काही ठरवतच नाही. आधी एकेका खातेप्रमुखाला वेगवेगळं गाठायचं, चहा घ्यायचा, आराखडा दाखवायचा. तो कुठे मान हलवतो आणि कुठे दातांतून श्वास आत ओढतो, ते बघायचं. श्वास ओढला की ते पान बदलायचं आणि पुन्हा सगळ्यांकडे फेरी. मग कागद फिरतो, खालून वरपर्यंत लाल गोल शिक्के पडत जातात. काही ऑफिसांत धाकट्याने आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे कलता मारायचा, म्हणजे तो वाकल्यासारखा दिसतो. शिक्कासुद्धा! एवढं झाल्यावर बैठक, आणि तिथे सगळे गप्प. मला उशीर होतो तो या फेऱ्यांमुळे, कुणी राबवून घेत नाही. ताईने तुम्हाला उगाच वाढवून सांगितलंय.

या वेळी पैसे कमी आले असतील. पगार तोच आहे, येन घसरलाय. घराचा हप्ता चुकणार नाही. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र माझ्यासाठी थांबवू नका, दाजींना घेऊन जा. दर वेळी त्यांच्यावरच पडतं, कळतं मला. दिवाळीचं तिकीट बघतोय, जमेल बहुतेक.

सांगलीच्या स्थळाचं. मला विचारता, "मुलगी बघायला कधी येतोस?" आणि मावशीकडून कळतं की मामा तिकडे जाऊन आले, पत्रिका जुळली, हॉलवाल्याकडे तारखाही विचारून झाल्या. म्हणजे नेमावाशी उरकली, मी यायचं ते मान हलवायला. फोटो पाठवा. हॉलला ॲडव्हान्स देऊ नका.

तुमचा,
निखिल